फेरखटल्याला मुदत हवी

अपिलात शिक्षा रद्द झाली म्हणजे आरोपी सुटला, हा सर्वसाधारण समज पुष्कळदा खरा ठरत नाही. कारण खालच्या कोर्टात कार्यपद्धतीची गंभीर चूक झाली असल्यास वरिष्ठ न्यायालय निकाल रद्द करून प्रकरण नव्याने चालविण्यासाठी परत धाडू शकते, आणि मग कालपर्यंत पक्का कैदी असलेला इसम पुन्हा कच्चा कैदी होऊन पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 386 व्या कलमात असलेला हा अधिकार 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 427 व्या कलमात आला. फेरखटला किती मुदतीत चालावा, याविषयी मात्र दोन्ही कलमे मूक आहेत.

दरम्यान मालखान्यातील मुद्देमालावरच्या चिठ्ठ्यांची शाई पुसट होते, पंच गाव सोडून जातो, तपासी अंमलदार सेवानिवृत्त होतो. आणि जो साक्षीदार हयात आहे त्याला, त्या रात्री कंदील ओसरीवर होता की आत, असे पुन्हा विचारले असता तो जे सांगतो ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले, की पहिल्या जबानीत एकदा सांगून बसलेले, हे त्याचे त्यालाही उमगत नाही.

हैदराबाद राज्यातील एका खुनाच्या अपिलात, विरुद्ध पुरावा आरोपीपुढे नीट मांडून त्याचा खुलासा घेण्यास सत्र न्यायाधीश चुकले होते. प्रकरण परत पाठविणे सोपे होते. परंतु गुन्हा 1950 सालचा आणि आरोपी साडेचार वर्षांहून अधिक काळ या ना त्या कोर्टात प्राण टांगणीला लावून उभा, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये फेरखटल्यास नकार देऊन त्याला मुक्त केले. न्यायाधीशाच्या कसुरीचा दंड आरोपीकडून वसूल करू नये, ही त्यामागची दृष्टी मला आजही अत्यंत आदरणीय वाटते.

पुढे महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातून निघणारा शीघ्र न्यायाचा हक्क तपासापासून अपील व फेरखटल्यापर्यंत प्रत्येक टप्प्यास लागू आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. ठराविक कालमर्यादा मात्र घातली नाही, आणि 2002 मध्ये सात न्यायमूर्तींनीही तीच भूमिका कायम ठेवली. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत अपिलानंतरचा फेरखटला सामान्यतः 70 दिवसांत सुरू व्हावा, असा कायदाच आहे. आपल्याकडे काही अपिली न्यायालये हुकुमातच सहा महिन्यांची किंवा वर्षाची मुदत घालून देतात; ती त्यांच्या मर्जीवर न ठेवता प्रत्येक हुकुमाचा आवश्यक भाग व्हावी, आणि आरोपीच्या दोषाविना ती उलटल्यास त्याच्या जामिनाचा विचार त्याच्या अर्जाची वाट न पाहता व्हावा.