'हॅलो सर, प्लीज हेल्प': नवख्याचा प्रश्न बंद का होतो?

हेडफोन लावा. (वाचत असाल तर राहू द्या.)

आज बोलायचंय एका अपमानाबद्दल. कोडिंग शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला तो कधी ना कधी येतोच. दोन तास डोकं आपटून झालेलं असतं, उद्या सबमिशन असतं, शेवटी हिय्या करून तुम्ही स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न टाकता: 'हॅलो सर, आय ॲम न्यू टू जावा, माय प्रोग्राम नॉट वर्किंग, प्लीज हेल्प, अर्जंट.' खाली लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. थोड्या वेळाने बघता तर प्रश्नाला उणे तीन, तुमचं 'हॅलो सर' कुणीतरी खोडून टाकलंय आणि वर पाटी लागलीये की हा प्रश्न बंद केला आहे. उत्तर नाहीच.

माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं अशा पहिल्या अनुभवानंतर तिकडे परत फिरकली नाहीत. त्यातल्या काहींनी तर कोडिंग आपलं काम नव्हे असंच ठरवून टाकलं. म्हणून हा विषय मला छोटा वाटत नाही.

आता 'हॅलो सर' का खोडलं? आपल्याला वाटतं आपण खिडकीवर उभे आहोत. आपला नंबर लागला, आपलं काम सांगितलं, समोरच्याला नमस्कार केला. तिथल्या जुन्या लोकांच्या डोक्यात मात्र खिडकी नसतेच, ते एक भलामोठा संदर्भग्रंथ लिहीत असतात. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये ही साइट काढली. तेव्हा अडचण अशी होती की जुन्या चर्चांमध्ये कामाचं उत्तर चौदाव्या पानावर, आभार आणि भांडणांच्या ढिगाखाली सापडायचं. म्हणून इथे प्रश्न, उत्तर आणि मतं, एवढंच ठेवलं. तुम्ही आज विचारलेला प्रश्न पाच वर्षांनी नांदेडचा कुणी मुलगा गूगलवरून येऊन वाचणार. त्याला तुमच्या 'प्लीज'चं काय करायचंय?

म्हणजे गंमत बघा, आपण शाळेपासून जी सभ्यता शिकलो ती शब्दांत असते. सर, मॅडम, कृपया, आपला नम्र. तिथली सभ्यता मेहनतीत मोजतात. एरिक रेमंड यांनी २००१ मध्ये प्रश्न कसे विचारावेत यावर एक लांबलचक निबंध लिहिला. तो आजही नवख्यांच्या तोंडावर फेकला जातो. त्यात त्यांनी स्पष्टच म्हटलंय की गयावया केल्याने न केलेला अभ्यास भरून निघत नाही, आणि 'अर्जंट' लिहिलंत तर उलटाच परिणाम होतो. सूर जरा चढेलच आहे, पण मुद्दा खरा आहे. समोरचा माणूस फुकट, आपल्या वेळातून उत्तर देतोय. तुमची घाई ही त्याची घाई नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. जावामध्ये तुम्ही 'नेक्स्टइंट'ने वय घेता आणि लगेच 'नेक्स्टलाइन'ने नाव. प्रोग्राम वय विचारतो आणि नाव न घेताच पुढे पळतो. कारण साधं आहे: 'नेक्स्टइंट' फक्त आकडा उचलतो, एंटर दाबल्याची खूण मागेच राहते, आणि 'नेक्स्टलाइन' तीच खूण पाहून रिकामी ओळ परत देतो. 'प्रोग्राम नॉट वर्किंग' या मथळ्यातून हे कुणाला कळणार? 'आकडा घेतल्यावर पुढची ओळ रिकामी येते' असा मथळा, त्या चार-पाच ओळींचाच कोड, तुम्ही काय टाइप केलंत, काय यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं दिलं की उत्तर येतं. आणि कोड मजकूर म्हणून चिकटवा. फोटोतला कोड कुणाला कॉपी करून चालवून बघता येत नाही, गूगलवर तर तो सापडतही नाही. माझा अनुभव असा की कोड एवढा छोटा करता करता निम्म्या वेळा चूक आपल्यालाच दिसते.

पण हाच प्रश्न तिथे आधी असंख्य वेळा विचारला गेलाय, त्यामुळे तो 'डुप्लिकेट' म्हणून बंद होणार. इथे मला नवख्याची बाजू घ्यावीशी वाटते. 'आधी शोधलं का?' हे विचारणं सोपं आहे. शोधायला योग्य शब्द लागतात, आणि ते शब्द माहीत असणं म्हणजे अर्धं उत्तर माहीत असणं. खरं तर डुप्लिकेट ही शिक्षा नाहीच. वेगळ्या शब्दांत शोधणाऱ्याला मूळ उत्तराकडे नेणारा तो रस्त्यावरचा बाण आहे. मात्र बाणासोबत उणे तीनही मिळाले, तर पोराला चपराकच दिसणार ना?

नियमही अडवतात. नव्या सदस्याची सुरुवात एका गुणाने होते. दुसऱ्याच्या उत्तराखाली कॉमेंट करायला ५० गुण लागतात, असा वर्षानुवर्षांचा नियम. म्हणजे जुनं उत्तर वाचून एक ओळीची शंका आली तर तिथे विचारता येत नाही, आणि नवा प्रश्न टाकला तर डुप्लिकेट! त्यात भाषा. या साइटच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानी आवृत्त्या निघाल्या. हिंदी नाही, मराठी तर नाहीच.

जुन्या लोकांचा वैतागही समजून घ्या हं. यूझनेटच्या जमान्यात दर सप्टेंबरला अमेरिकन विद्यापीठांतली नवी मुलं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, मग रीत शिकायची. (आपल्याकडचा जून समजा.) पुढे एओएलसारख्या कंपन्यांनी सगळ्यांनाच दार उघडलं आणि लोक म्हणू लागले की १९९३ चा सप्टेंबर संपलाच नाही. रोज तेच प्रश्न वाचणाऱ्याचा आवाज चढतो. पण प्रश्न बंद करणं आणि माणसाला टोमणा मारणं यात फरक आहे, आणि टोमण्याने संदर्भग्रंथ काही सुधारत नाही. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीनेच कबूल केलं की नवशिके, स्त्रिया आणि गोरे नसलेले अनेक लोक यांना ही जागा परकी वाटते. त्याच वर्षी नव्या सदस्याच्या नावापाशी, हा नवा आहे, जरा सांभाळून घ्या, अशी खूण दिसू लागली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. नवे प्रश्न आधीपासूनच घटत होते, त्यानंतर ते वेगाने घसरले. साहजिक आहे, यंत्राला 'हॅलो सर' म्हटलं तर ते खोडत नाही. पण 'नेक्स्टलाइन'चं उत्तर कुणीतरी माणसाने आधी कुठेतरी लिहून ठेवलं होतं. उद्या नवी लायब्ररी येईल, तिची नवी अडचण येईल. ती पहिल्यांदा कोण, कुठे विचारणार, हे मला अजून दिसत नाही.

आपल्या टेलिग्राम ग्रुपवर 'हॅलो सर' चालतं, फोटोही चालतो आणि मराठीत उत्तर मिळतं. फक्त आठवड्याभरात ते वर सरकून गडप होतं आणि पुढचा मुलगा तेच विचारतो. पुढच्या भागात बघू, गिटहबवर बग नोंदवताना काय लिहायचं. तुमचा बंद झालेला एखादा प्रश्न असेल तर पाठवा, कोडसकट. फोटो नको!