खाडीचा तळ कोणी मोजला?

पूर्णा, काल्हेर, कशेळी, दिवे-अंजूर ही भिवंडी तालुक्यातली गावं आता गोदामांची गावं म्हणून ओळखली जातात. ठाण्याहून येणारा माणूस कशेळीचा पूल ओलांडतो तो कंटेनरच्या रांगेतून. पुलाखालच्या पाण्याकडे त्याचं लक्ष जातंच असं नाही. उल्हास नदीचं हे पाणी पुढे गायमुख, घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळतं. त्यात अजून होड्या आहेत, चिंबोरी आहे, कोळंबी आहे, बोईट आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ठाण्यापासून डहाणूपर्यंतच्या होड्या-बोटींवर जीपीएसचं यंत्रही आलं. यंत्र घेताना दुकानात बोलणं होतं ते पडद्याच्या इंचांचं आणि किमतीचं. आत नकाशा कोणता आहे, तो कोणी मोजला आणि कधी मोजला, ही चौकशी फार थोडे करतात. ती सगळ्यात आधी व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

यंत्र येण्याआधी नकाशा तांडेलाच्या डोक्यात असे. दोन खुणा एका रेषेत धरायच्या, म्हणजे जवळचं देवळाचं शिखर आणि त्यामागचा डोंगराचा सुळका. दुसऱ्या दिशेला तशाच आणखी दोन खुणा. या दोन रेघा जिथे छेदतात ती आपली जागा. वसईच्या बाजूला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर, डहाणूकडे महालक्ष्मीचा सुळका, असे हे आधार. पाण्याची खोली वावात मोजायची, शिसं बांधलेली दोरी सोडून. दोरी वर ओढली की शिशाला काय चिकटलंय ते पाहायचं: गाळ, वाळू की शिंपल्यांचा चुरा. त्यावरून तळ कळायचा आणि तळावरून मासा. डोळीच्या जाळ्याची कव, म्हणजे जाळं बांधायला समुद्रतळात सूस ठोकून धरलेली जागा, अशीच खुणांवर लक्षात ठेवली जाई आणि बापाकडून मुलाकडे जाई.

या पद्धतीला कमी लेखण्याचं कारण नाही. ज्याने खोली मोजली तोच ती वापरत होता, आणि चूक झाली तर जाळं त्याचंच फाटत होतं. पण धुकं पडलं, पाऊस आला की खुणा दिसत नसत, आणि रात्री तर नाहीच. खाडीत आणखी एक गोष्ट घडली. कोळशेत आणि घोडबंदर रस्त्याच्या कडेने बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि पाण्यातून दिसणाऱ्या कितीतरी जुन्या रेघा त्यांच्याआड गेल्या. यंत्र आलं नसतं तरी खुणा धरण्याची ती रीत इथे अडचणीत आलीच असती.

अमेरिकेची जीपीएस प्रणाली पूर्ण क्षमतेने चालू झाली ती १९९५ साली. तेव्हा नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० च्या सुरुवातीला हा बिघाड काढून टाकण्यात आला आणि साधं हातातलं यंत्रही दहा-वीस मीटरांत जागा सांगू लागलं. मासेमाराच्या दृष्टीने खरा बदल तो. त्या पहिल्या यंत्रांत नकाशा नव्हताच. होते नुसते आकडे, अक्षांश आणि रेखांश, आणि ते वहीत उतरवून घ्यायचे. कवींच्या जागा, खडकांच्या जागा, बुडालेल्या बोटींच्या जागा अशा वह्यांत गेल्या.

वहीतल्या आकड्यांनी एक घोटाळा मात्र करून ठेवला, आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. एक यंत्र मिनिटांचे दशांश दाखवतं, दुसरं सेकंद. १५.५० मिनिटं म्हणजे १५ मिनिटं ३० सेकंद. ते कोणी १५ मिनिटं ५० सेकंद असं वाचलं तर वीस सेकंदांचा फरक पडतो, आणि अक्षांशात वीस सेकंद म्हणजे सुमारे ६१७ मीटर. वसई-उत्तनचे आणि पालघर-सातपाटीकडचे मच्छीमार यांच्यात कवींवरून वर्षानुवर्षं वाद चालत आलेत. त्यांची मुळं फार खोल आहेत, ते आकड्यांमुळे झालेले नाहीत. पण जिथे हद्दीचाच प्रश्न आहे, तिथे दोन बाजूंची यंत्रं जागा एकाच पद्धतीने लिहितायत की नाही, एवढं तरी चर्चेला बसण्याआधी पाहिलं पाहिजे.

पडद्यावर नकाशा दिसण्याची सुरुवात या वह्यांपेक्षा जुनी आहे. १९८४ साली इटलीत नॅव्हिऑनिक्सने जिओनाव्ह नावाचं यंत्र काढलं. तिथल्याच एका संस्थापकाने वेगळं होऊन पुढच्या वर्षी सी-मॅप सुरू केली. नॅव्हिऑनिक्स २०१७ साली गार्मिनने विकत घेतली. सी-मॅप आज लॉरन्स आणि सिमराड यंत्रांच्या घरातली आहे. लेकमास्टर नावाचे तलावांचे नकाशे हमिनबर्डच्या यंत्रापुरतेच आहेत. म्हणजे यंत्र निवडलं की नकाशाही बऱ्याच अंशी निवडून झालेला असतो, आणि आपल्याकडे हे सहसा कळतं ते पैसे दिल्यानंतर.

लेकमास्टरसारखे नकाशे वाढले ते अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यांत, जिथे हजारो तलाव आहेत आणि हौसेने गळ टाकणाऱ्यांची मोठी बाजारपेठ आहे. तिथे तलावाचा तळ फुटाफुटाच्या रेघांनी काढलेला मिळतो. तिथला माणूस कोणत्या कंपनीचा नकाशा आपल्या तलावाचा जास्त तपशील देतो, एवढं पाहून कार्ड घेतो. इथे तोच प्रश्न विचारला की उत्तर कशेळी पुलाच्या आसपासच अडतं. पडद्यावर खाडीच्या कडा सुबक उमटतात. वसईच्या मुखापासून आत आत यावं तसे खोलीचे आकडे मात्र विरळ होत जातात.

याचं कारण आकड्यांच्या उगमात आहे. व्यापारी नकाशे बऱ्याच अंशी सरकारी जलसर्वेक्षणावर उभे असतात. आपल्याकडे ते काम नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचं, ज्याचं मुख्यालय १९५४ पासून देहरादूनला आहे. ते काम उत्तम दर्जाचं आहे, पण ते बंदरांसाठी, जहाजांच्या मार्गांसाठी आणि संरक्षणासाठी केलेलं आहे. ज्या पाण्यातून मोठं जहाज जात नाही, तिथे वारंवार मोजणी करायला कोणी येत नाही. मग एखाद्या जुन्या मोजणीतले दोन-चार आकडे पुढच्या आवृत्तीत तसेच राहतात. कागदावर ते विरळ दिसायचे, म्हणून माणूस सावध असायचा. पडद्यावर त्याच आकड्यांमधून संगणक गुळगुळीत रेघा काढतो आणि निळ्या छटा भरतो. बोटांनी चित्र मोठं केलं की तपशील वाढल्यासारखा वाटतो. माहिती मात्र होती तेवढीच राहते.

दरम्यान तळ बदलत गेला. या खाडीत रेतीचा उपसा किती झाला, हे काल्हेर, कोपर, मुंब्रा, रेतीबंदर इथल्या कोणालाही विचारावं. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने वाळूउपशाला मनाई केली. तरी सक्शन पंप लावून चोरटा उपसा चालूच राहिला आणि महसूल खात्याने बार्ज पकडून गॅस कटरने तोडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. उपसा झाला तिथे खड्डे पडले, शेजारचा काठ ढासळला, गाळ दुसरीकडे जाऊन बसला. तिवरांवर भराव पडले. आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब कशेळीला खाडीत उभे राहिले. प्रत्येक नव्या खांबाभोवती प्रवाह तळ खरवडतो. अशा तळाचा दहा-वीस वर्षं जुना नकाशा नुसता निरुपयोगी नसतो, त्याच्यावर विसंबणाऱ्याला तो गाळात नेऊन बसवतो.

हीच गोष्ट धरणांत वेगळ्या तऱ्हेने दिसते. उजनीचा जलाशय सुमारे ११७ टीएमसीचा, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात उजनी वजा पातळीत गेली की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं. बांध, विहिरी, जुन्या घरांची जोती उघडी पडतात. भिगवणच्या बाजारात चिलापी आणि वाम घेऊन येणाऱ्यांची जाळी पाणी भरल्यावर याच दगडांत अडकतात. या जलाशयांच्या तळाची मोजणी होत नाही असं मुळीच नाही. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि केंद्रीय जल आयोग होडीवर इको साउंडर आणि जीपीएस लावून गाळाचं सर्वेक्षण करतात. पण त्यातून काढायचं असतं ते साठवण किती घटली याचं उत्तर. अहवालात पातळी आणि क्षमतेचे तक्ते येतात. तळाचं चित्र मासेमाराच्या यंत्रापर्यंत पोचत नाही.

खाडीचंही तसंच होऊ घातलंय. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा वसई खाडी आणि उल्हास नदीतला १४५ किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग ५३ झाला. काल्हेर, कोळशेत, डोंबिवली इथे जेट्टी ठरल्या. जलमार्गाला तळ मोजावाच लागतो. सार्वजनिक पैशातून झालेली ती मोजणी साध्या, यंत्रात भरता येईल अशा रूपात इथल्या मच्छीमार संस्थांना मिळाली पाहिजे. उजनीचीही भिगवण-इंदापूरच्या मच्छीमारांना मिळाली पाहिजे. यात कोणतंही गुपित नाही. बोटीचा ठावठिकाणा कळावा म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुमारे ३६० कोटींची योजना सुरू झाली, तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची. वादळात, सीमेजवळ ते जीव वाचवतील, त्याचं मोल मोठं आहे. बोट कुठे आहे हे किनाऱ्याला कळवण्याची सोय होते, तशी बोटीखाली काय आहे हे तांडेलाला कळवण्याचीही व्हावी.

ती होईपर्यंत दुकानात काय मागावं? माझ्या मते, खाडीत किंवा धरणात चालणाऱ्या होडीने महागडं नकाशाचं कार्ड घेऊ नये. तो पैसा स्वतः तळ नोंदवू शकणाऱ्या यंत्रात घालावा. गार्मिनमध्ये या सोयीला क्विकड्रॉ म्हणतात, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट. होडी फिरते तसं यंत्र आवाजाच्या लहरींनी खोली मोजतं, जीपीएसची जागा तिच्याशी जोडतं आणि रेघा काढत जातं. एकाच खाजणात ये-जा करणाऱ्या होडीचा हंगामाअखेरीस जो नकाशा तयार होईल, तो कोणत्याही कंपनीकडे विकत मिळणार नाही.

पण यात एक काम माणसालाच करावं लागतं. छापील समुद्रनकाशातली खोली नीचतम ओहोटीच्या जवळच्या पातळीपासून धरलेली असते. भारतातल्या बंदरांसाठी ती पातळी ठरवण्याची रीत चार्ल्स डार्विनचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी बसवली. त्यामुळे नकाशात दोन मीटर लिहिलं असेल तर प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्तच पाणी मिळतं. आपलं यंत्र मात्र त्या क्षणीचं पाणी मोजतं. उधाणाच्या भरतीला नोंदवलेली वाट ओहोटीला चार मीटरनी उथळ निघू शकते. काही यंत्रं भरतीच्या तक्त्यावरून वजाबाकी करतात, पण तक्ता असतो मोठ्या बंदराचा, आणि काल्हेरला भरती खाडीच्या मुखापेक्षा उशिरा चढते. म्हणून जेट्टीच्या खांबावर मापाच्या खुणा रंगवाव्यात आणि मोजणीला निघताना व परतताना पाणी कोणत्या खुणेवर आहे ते तारीख-वेळेसह लिहून ठेवावं. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा चूकही कमी राहते. उजनीवर हे सोपं आहे, कारण जलसंपदा विभाग रोजची पातळी जाहीर करतो.

नोंदी कार्डावर उतरवून संस्थेच्या कपाटातही ठेवाव्यात. यंत्र पाण्याने बिघडलं की वर्षांची माहिती एका दिवसात जाते. एका होडीचा नकाशा अरुंद पट्ट्याचा असतो, दहा होड्यांचा मिळून खाडीचा होतो. कवीची जागा कोणाला सांगायची नसेल तर ती वेगळी ठेवता येते. खोली आणि खांब, बुडालेले बार्ज, रेतीचे खड्डे हे सगळ्यांचं असायला काही हरकत नाही. पावसाळ्यात उल्हासला पूर येऊन गेला की वाळूचे पट्टे सरकलेले असतात, तेव्हा नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेऱ्या या मोजणीसाठी द्याव्यात, आणि मागच्या वर्षीचा नकाशा पुसून न टाकता त्यावर वर्ष घालून जपून ठेवावा.