आमच्या डोंगरावरचे गवत

मुंबईहून गुजरातेकडे निघालेला प्रवासी डहाणू रोड सोडल्यावर खिडकीतून डावीकडे चिकूच्या आणि नारळाच्या वाड्या पाहतो, उजवीकडे दूरवर डोंगरांची निळी ओळ पाहतो. मोटारीने येणारा चारोटी नाका ओलांडतो, महालक्ष्मीच्या सुळक्याला हात जोडतो आणि तलासरीवरून पुढे जातो. दोघांच्याही तोंडून एकच उद्गार निघतो : काय शांत मुलूख आहे हा! तो आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, व्याख्यानमालेच्या निमित्ताने त्यावरच चार शब्द सांगावेत असे वाटले. आमचा जन्म या मुलखातल्या एका पाड्यावरचा, आणि आयुष्य गेले मजुरांच्या संघटनेत. त्यामुळे कोणताही देखावा दिसला की, हा कोणी घडवला आणि त्याच्या हाती काय पडले, असा प्रश्न आधी मनात येतो. हा आमचा दोष म्हणा हवे तर.

भाद्रपदात आमच्या माळांवर कमरेइतके गवत उभे राहते. वारा सुटला म्हणजे सगळा उतार एका अंगाला झुकतो आणि पुन्हा सरळ होतो. शहरातली मंडळी गाडी थांबवून छायाचित्रे घेतात. परंतु हे गवत केवळ निसर्गाच्या लहरीने वाढलेले नाही. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना चारा हवा होता, म्हणून जमीनदारांनी आणि गवताच्या व्यापाऱ्यांनी हे माळ पिढ्यान्‌पिढ्या गवतासाठीच राखले. पाऊस उघडला की पहाटेपासून विळे चालत. भारे बांधायचे, डोक्यावरून वखारीत न्यायचे, तेथे गाठी दाबायच्या आणि रेल्वेने मुंबईला पाठवायच्या. मुंबईकराच्या चहात पडणाऱ्या दुधामागे आमच्या माणसांची वाकलेली पाठ होती, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वारल्यांच्या लढ्यात या गवताला एवढे महत्त्व का आले, हे यावरून कळेल. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी सुमारे ५००० आदिवासी जमले. तलासरीकडचा हा भाग त्या वेळी उंबरगाव तालुक्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा त्या तालुक्याचे मोठे अंग गुजरातेत गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेने तेथे वेठ बंद करण्याची हाक दिली. पुढे गवतकापणीचा हंगाम आला आणि मागणी पुढे आली : ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे आजच्या मापाने सव्वादोन क्विंटलांहून थोडे अधिक. त्याच ऑक्टोबरात १० तारखेला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. आमचे आजोबा त्या काळी पोरसवदा होते. लढ्याविषयी ते फारसे बोलत नसत, पण विळ्याला धार लावताना अडीच रुपयांचा आकडा त्यांच्या तोंडी हटकून येई.

आता घराकडे वळू. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेण-मातीचे लिंपण, आत धान्याची कणगी आणि पुढे मांडव. मांडवावर गुरांसाठी पेंढा रचलेला. लग्न निघाले की सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी बसवतात. चौक लिहिल्याखेरीज लग्न लागत नाही. आणि लग्न लावते तीही बाई, धवलेरी. हीच चित्रकला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणि कापडावर नेऊन जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती आपल्या दिवाणखान्यांत, चादरींवर आणि चहाच्या पेल्यांवर आहे. आम्हांला त्याचा आनंदच वाटतो. मात्र त्या चौकाला एके काळी किती किंमत पडत असे, तेही सांगितले पाहिजे. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्याच्या दारी राबायला बांधले जात. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. आजही पैशाअभावी कित्येक जोडपी संसार आधी मांडतात आणि लग्नाचा विधी पुढे सवडीने, मुले झाल्यावरसुद्धा, उरकून घेतात. पाड्यावर कोणी त्यांना नावे ठेवत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे येणारे पाहुणे फांद्या छाटलेली झाडे पाहून हळहळतात. त्यांची समजूत अशी की, आदिवासी जंगल तोडतो. वस्तुतः त्या फांद्या राबासाठी असतात. भाताचे रोप जेथे करायचे त्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर घालून वर माती पसरतात आणि उन्हाळ्यात ते पेटवतात. त्याने तणाचे बी जळते आणि राख जमिनीत मिसळते. झाड मुळासकट तोडून चालणार नाही, कारण पुढच्या साली फांद्या लागणारच. पहिला पाऊस पडला की त्या काळ्या जागेवर भात पेरतात, आणि रोपे वाढली की उपटून चिखलात लावतात. उतारावर नागली आणि वरई. त्या उताराचा कागद बहुधा वनखात्याच्या दप्तरात असतो. २००६ च्या वनाधिकार कायद्याने कसणाऱ्याचा हक्क मान्य केला, पण कितीतरी जण अजून पट्ट्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवीत आहेत.

पावसाळा म्हणजे हिरवाईचा काळ, आणि कणगीचा तळ दिसण्याचाही. तेव्हा बायका रानात जातात. पहिल्या पावसाची शेवळे निघतात. ती घसा खाजवतात म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. मग टाकळा, कोळीभाजी, करटोली. ओहोळात खेकडे, शेतात मासळी. यातले थोडे घरी, बाकीचे टोपलीत घालून डहाणूच्या बाजारात. येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. आम्ही इतकी वर्षे मजुरीचे दर भांडून घेतले, परंतु बाई रोज मोळी आणि हंडा वाहते त्याचा हिशेब आमच्या एकाही निवेदनात आला नाही. घरातल्याच कामाकडे आमचे लक्ष गेले नाही, मग गाडीतल्या प्रवाशाला काय बोल लावायचा?

भात झोडून झाले, कणसरीला नवे धान्य दाखवले की पाड्यावर तारपा घुमतो. सुका दुध्या, बांबू आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य; वाजवणारा मध्ये, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला विळखा घालून त्याच्याभोवती. त्यानंतर थोड्याच दिवसांत घरांना कुलपे लागू लागतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी मासेमारीच्या बोटीवर. उचल पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते, तेव्हा जाणे भाग असते. पोरे आईबापांबरोबर जातात आणि शाळेतली जागा रिकामी राहते. प्रवाशाला जाणवते ती शांतता पुष्कळदा याच महिन्यांतली असते. चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा बरेच जण चार दिवसांसाठी परततात, पाळण्यात बसतात, सुकी मासळी आणि टोपल्या घेतात आणि पुन्हा भट्टी गाठतात.

मागे उरतात म्हातारी माणसे. व्याख्यानाला निघालो त्या दिवशी आमच्या शेजारची म्हातारी डहाळ्यांचा भारा घेऊन शेताकडे चालली होती. मुलगा आणि सून भट्टीवर. एवढ्या उन्हात कशाला जातेस, म्हणून आम्ही विचारले. ती थांबलीही नाही. चालता चालता म्हणाली, “पोरं मिरगाला येतील, तवर राब भाजून ठेवाया नको?”