थेरेझाच्या माळावरची जत्रा

"काय वं माय, दारू पेवाले गयथी का तठे?" धुळ्याला परतल्यावर धाकट्या बहिणीने विचारलेला हा पहिला प्रश्न. "तठे" म्हणजे जर्मनीतल्या म्युनिक शहरात. लेक-जावई तिकडे नोकरीला आहेत, आणि नातीच्या ओढीने गेलेली मी नेमकी त्यांच्या जगप्रसिद्ध बियर उत्सवात सापडले. १९३२ साली ज्या गावच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, त्या गावची निवृत्त शिक्षिका पासष्टी ओलांडल्यावर बियरच्या जत्रेला जाते म्हटल्यावर बहिणीचे काही चुकले नाही.

या उत्सवाचे नाव 'ऑक्टोबरफेस्ट', पण सुरू होतो तो सप्टेंबरात. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेझा यांचे लग्न झाले. त्या आनंदात पाच दिवसांनी शहराबाहेरच्या गवताळ माळावर घोड्यांची शर्यत झाली. माळाला नववधूचे नाव मिळाले, ते आजही आहे. पुढच्याच वर्षी शर्यतीला शेतीच्या प्रदर्शनाची जोड मिळाली. बियरचे मोठमोठे मंडप आले ते बऱ्याच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ऑक्टोबरात तिकडे फार गारठा पडतो म्हणून मुहूर्त मागे सरकला. थोडक्यात, सुरुवात घोड्यांची आणि शेतकऱ्यांची! तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा पाहत वाढलेल्या मला हे ऐकून फार परके वाटेना.

गर्दीचे म्हणाल, तर २०२३ साली अठरा दिवसांत ७२ लाख माणसे येऊन गेली. २०११च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या पावणेचार लाख होती. म्हणजे एकोणीस धुळे एका माळावर! तरी माळावर जायला तिकीट नाही.

पहिल्या शनिवारी सकाळी सजवलेल्या घोड्यांच्या गाड्यांतून बियरची पिंपे वाजतगाजत येतात. पोळ्याला आपण बैलांना नटवतो, तसे ते घोडे नटलेले. दुपारी बाराला एका मंडपात शहराचे महापौर स्वतः लाकडी हातोडीने पहिल्या पिंपाला तोटी ठोकतात आणि "ओत्झाप्फ्ट इस", म्हणजे "पिंप फुटले" असे ओरडतात. ही प्रथा १९५० पासूनची. मग तोफेचे बारा बार होतात, पहिला पेला बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांना दिला जातो आणि त्यानंतरच बाकीच्यांना बियर मिळते. तोवर हजारो माणसे कोरड्या टेबलांशी ताटकळत बसून असतात. नारळ फोडल्याशिवाय आपले काही सुरू होत नाही, तसेच हे.

आम्ही बाहेरच होतो. समोर हातात ओकच्या पानांचे कडे उंच धरलेली, शेजारी सिंह घेतलेली अठरा मीटरहून उंच ब्राँझची बाई उभी होती. तिचे नाव 'बव्हेरिया', ती १८५० सालची. सिंहाबरोबरची बाई पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. "आजी, ती देवी नाही गं!" नात हसून म्हणाली. नसेना का.

मंगळवार हा कुटुंबांचा वार. त्या दिवशी पाळणे आणि खेळ स्वस्त असतात, म्हणून आम्ही पुन्हा गेलो आणि एका मंडपात जागाही मिळाली. मंडप कसला, धान्याच्या गोदामाची दहा गोदामे एकत्र केल्यासारखा! मधोमध वाजंत्र्यांचा उंच चौथरा. लांबलचक बाकांवर आजोबा, सुना, नातवंडे, शेजारचे अनोळखी लोक, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. एक लिटरच्या काचेच्या पेल्याला ते 'मास' म्हणतात. भरला की त्याचे वजन सव्वादोन किलोच्या आसपास. असे दहा-दहा पेले एका खेपेत छातीशी धरून बायका गर्दीतून वाट काढतात. विहिरीवरून तीन-तीन हंडे आणणाऱ्या आपल्या बायांचीच ती जात. इथे म्युनिकच्या सहाच कंपन्यांची बियर मिळते. एका पेल्याची किंमत पंधरा युरोंच्या घरात ऐकली आणि माझ्या मनाने लगेच किराणा मोजायला घेतला.

जावयांनी "आई, एक घेऊ का?" असे विचारून एकच मागवली. मी सफरचंदाचा सोडा घातलेला रस घेतला. सोबत प्रेट्झेल होता, म्हणजे जिलबीचा एकच मोठा वळसा भाजून वर खडे मीठ पेरावे तसा पाव. बायकांच्या घेरदार पोशाखावर एप्रन असतो. त्याची गाठ उजवीकडे असली तर बाई लग्नाची, डावीकडे असली तर अविवाहित. लेकीने हे सांगितल्यावर नात आणि मी अर्धा तास गाठीच मोजत बसलो. सहा वर्षांखालच्या मुलांना रात्री आठनंतर मंडपात थांबता येत नाही. साडेदहाला बियर बंद.

हे सगळे बघताना मी भारावले, हे खरे. पण संध्याकाळी मंडपामागच्या गवतावर निघालो, तेव्हा तिथे तरुण पोरे आडवी पडलेली दिसली. एक मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावर डोके ठेवून रडत होती. स्त्रिया आणि मुलींसाठी तिथे २००३ पासून एक मदतकेंद्र चालते. घाबरलेली, चुकलेली, कोणी त्रास दिलेली मुलगी तिथे जाऊ शकते. इतकी शिस्त असूनही ते केंद्र लागते, आणि त्यांनी ते झाकून ठेवलेले नाही.

परत येताना मला आठवली ती धडगावची नोकरी. सातपुड्यातला तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. होळीच्या आधी तिथे भोंगऱ्याचे बाजार भरतात. काठीच्या होळीत रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. नवस केलेली माणसे कितीतरी दिवस अनवाणी राहतात, जमिनीवर झोपतात. मोहाची दारू तिथेही असते. पण मी पाहिले ते असे की, म्हातारा आधी जमिनीवर धार सोडायचा, देवाचे नाव घ्यायचा, मगच द्रोण पुढे जायचा. पिण्याला एक वेळ होती, एक निमित्त होते आणि वडीलधारी माणसे समोर होती. महापौरांची हातोडी पाहिल्यावर मला त्या म्हाताऱ्याची धारच आठवली.

फरक पडला तो पुढे. बव्हेरियाच्या बियरला राजाश्रय मिळाला, आमच्या मोहाला अबकारी खाते. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराचे दुकान कायदेशीर झाले. सणाची वस्तू रोजच्या उधारीची झाली. म्हणून तर १९३७-३८च्या सुमारास तळोद्याकडच्या गुला महाराजांनी "दारू सोडा" म्हणून सांगितले, तेव्हा आदिवासींचे थवेच्या थवे त्यांच्यामागे गेले. ज्यांच्या देवालाच मोहाची धार लागते, त्यांनी दारू सोडायची शपथ घेतली! घराघरांत काय चालले असेल, ते यावरूनच समजावे.

आम्ही गावातले लोक मात्र मधेच अडकलो. १९४९च्या कायद्याने आजही महाराष्ट्रात पिण्याला परवाना लागतो, आणि दुकानापुढची रांग तर आपण रोज पाहतो. घरात विषय काढायचा नाही, बाहेर अंधारात प्यायची. आमच्या जुन्या गल्लीत एक काकू होत्या. नवरा शिलाई मशीन विकून प्यायला, तरी त्या "त्यांची तब्येत बरी नसते" एवढेच सांगत राहिल्या. सारी गल्ली जाणून होती, पण कोणी दार वाजवले नाही. बियर पिणारा तो मंडप पाहताना मला पेल्यांपेक्षा जास्त खुपले ते आमच्या गल्लीचे हे गप्प राहणे.

बियरचा उत्सव आपल्याकडे व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. ज्या गावांतल्या बायांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली, त्यांचा संताप मला ठाऊक आहे आणि तो खराच आहे. पण यंदाच्या गणपतीत मांडवामागे बाटली घेऊन पोरे दिसली, तर त्यांच्याकडे पाठ फिरवून आरतीला उभे राहायचे नाही, असे मी ठरवले आहे. त्यांच्या आयांशी बोलायचे. सरळ, नाव घेऊन, दिवसाउजेडी. आणि काकूंसारख्या एखादीचे दार दिसले, तर तेही वाजवायचे.

बहिणीला मी हेच सगळे सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मी बी येसू तुनासंगे."