चादरीचा पुठ्ठा आणि नववीचा वर्ग

शाळांच्या जाहिरातींत ‘सुसज्ज संगणक कक्ष’ ही ओळ हल्ली हटकून असते. पालक ती वाचतात आणि समाधान पावतात. त्या कक्षात मुले नेमके काय शिकतात, असे विचारणारा पालक मात्र मला अद्याप भेटायचा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत उत्तर एकच होते : चित्र रंगवणे, अर्ज टाइप करणे आणि परीक्षेपुरती ‘रॅम’ची व्याख्या पाठ करणे. स्वयंपाक शिकवतो म्हणून सांगायचे आणि वर्षभर भांड्यांची नावे घोकून घ्यायची, तशातला हा प्रकार!

निवृत्तीनंतर सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी नववीसाठी वर्षाचा अभ्यासक्रम आखून शिकवण्याची गळ घातली. “साहेब, तुम्ही बँकेत संगणक येताना पाहिलाय,” एवढेच त्यांचे कारण होते. ते खोटे नव्हते. मी बँकेत लागलो त्याच सुमारास, १९८४ साली, रंगराजन समितीचा यांत्रिकीकरणाविषयीचा अहवाल आला. पुढची काही वर्षे आम्ही संघटनेच्या सभांत त्यावर तावातावाने बोललो आणि कालांतराने निमूटपणे कळफलकासमोर बसलो. त्या काळात एक गोष्ट ध्यानात आली. यंत्राला काम सांगायचे तर ते आधी स्वतःला पुरते समजावे लागते. वीस वर्षे लेजर लिहिणारा कारकून जे ‘अंदाजाने’ करी, ते यंत्रासाठी पायरीपायरीने मांडावे लागे.

म्हणून पहिला धडा मी पासबुकाचा घेतला. एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मिळे. ती शिल्लक कशी शोधायची? पहिला आकडा मनात धरायचा, खाली जायचे, त्याहून लहान दिसला की जुना सोडून नवा धरायचा. मुलांनी हे मराठीत लिहिले : ‘जोपर्यंत ओळी आहेत तोपर्यंत पुढे जा, जर आकडा लहान असेल तर तो धर.’ आपल्या भाषेतली ‘जर-तर’ आणि ‘जोपर्यंत-तोपर्यंत’ ही जोडी संगणकाच्या कोणत्याही भाषेत असतेच. ती इंग्रजीत लिहिण्याआधी मराठीत उमजली, तर निम्मी भीती तिथेच सरते.

वर्गात मुले चाळीस आणि चालू संगणक सहा. मग पहिले सत्र यंत्राविनाच घ्यायचे ठरवले. यात नवे काही नाही. न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ रचले. मुंबईच्या आयआयटीत श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी शालेय अभ्यासक्रमाचा जो आराखडा केला, त्याचाही भर सॉफ्टवेअरची बटणे पाठ करण्यावर नव्हता, पायरीने विचार करण्यावर होता.

सोलापूरला तर हे साहित्य घरातच आहे. जकार्ड मागावरच्या चादरीची नक्षी पुठ्ठ्यावरच्या भोकांनी ठरते. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. होय किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्सच्या जकार्डने १८०४च्या सुमारास हा माग सिद्ध केला. तीच पुठ्ठ्याची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली, एडा लव्हलेसने १८४३ साली त्यावर टिपणे लिहिली, आणि १८९०च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथने भोकांच्याच पत्त्यांवर माणसे मोजली.

पूर्व भागातल्या, घरी यंत्रमाग असलेल्या एका मुलीने असा जुना पुठ्ठा वर्गात आणला. घरी तेलुगू बोलणारी ही मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नसे. त्या दिवशी तिने अर्धा तास मराठीत समजावून सांगितले. एक भोक चुकले तर नक्षी जितक्यांदा उलटते तितक्यांदा तोच दोष चादरीवर उमटतो. तिचे वडील अशा वेळी चादरीला नव्हे, पुठ्ठ्याला हात घालतात. कार्यक्रमातली चूक शोधण्याचा याहून नेमका धडा मला कोणत्या पुस्तकात सापडला असता?

तरीही पालकसभेत तक्रार झालीच : “तास संगणकाचा आणि पोरं पुठ्ठे कापतायत! सर्टिफिकेट कधी मिळणार?” या पालकांना मी दोष देत नाही. गिरण्यांचे भोंगे थांबलेल्या गावात मुलाच्या हाताला काम मिळावे, एवढाच त्यामागचा हिशोब आहे. अडचण दुसरी आहे. या विषयाचे गुण टक्केवारीत धरले जात नाहीत. सहामाही जवळ आली की आमचा तास गणिताच्या उजळणीला जाई. वर्षाला ठरलेल्या तासांपैकी जेमतेम दोन तृतीयांश हाती आले.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्यासारख्या प्रयोगांसाठी. आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण संगणकाच्या साहाय्याने शिकवणे निराळे आणि संगणकशास्त्र शिकवणे निराळे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचे उपक्रम सांगितले आहेत. ते कोण शिकवणार आणि कोणत्या तासाला, हे शाळेलाच ठरवावे लागेल.

आता यंत्रच कार्यक्रम लिहून देते, मग मुलांनी हे कशाला शिकायचे, असेही विचारले जाते. बँकेत नोंद कारकून करी, पण तपासून तिच्यापुढे सही अधिकाऱ्याची असे. ज्याला व्याज काढता येत नाही त्याने कशाच्या भरवशावर सही करायची? यंत्राने लिहिलेलेही कुणाला तरी तपासावेच लागणार.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पहिल्या सत्रात कागद, पुठ्ठा आणि पासबुक. दुसऱ्या सत्रात गटागटाने संगणक. परीक्षेत व्याख्या नव्हे तर एक चुकलेली कृती द्यावी आणि चूक शोधायला सांगावी. आणि आठवड्याचे दोन तास कोणत्याही सबबीवर दुसऱ्या विषयाला देऊ नयेत. याला फारसा पैसा लागत नाही. वेळापत्रक मात्र पाळावे लागते.