भूक मारणारी गोळी : पारखून घ्या

श्रोतेहो, वजन घटवण्यासाठी भूक कमी करणारी औषधे हल्ली बाजारात पुष्कळ मिळतात. डबीवर हिरवे पान आणि खाली 'वनस्पतिजन्य, अपाय नाही' अशी ग्वाही. ती कितपत खरी, हे कसे ओळखायचे? एकच उदाहरण घेऊ, गार्सिनियाचे.

गार्सिनिया म्हणजे कोणी परका नव्हे, आपल्या कोकमाचेच कुळ. कोकणातला रातांबा तो हाच, गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. गोळ्यांसाठी मात्र बहुधा त्याचे केरळातले भावंड वापरतात. त्याचे नाव कुडंपुळी. तिकडे ती माशाच्या कालवणात घालतात. तिच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचे आम्ल असते. ते नेमके कोणते, हे १९६५ साली ठरले. जादा साखरेची चरबी करणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडवते, असे पुढे दिसून आले. ते दिलेले उंदीर कमी खाऊ लागले. झाले! गोळ्यांचा धंदा उभा राहिला.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शेतात नवे खत टाकले आणि पीक जोमात आले, तर श्रेय खताचे की पावसाचे? शहाणा शेतकरी शेजारचा एक वाफा खताविना ठेवतो आणि मग बोलतो. औषधाचेही तसेच आहे, बरं का. अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर असा प्रयोग झाला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. जेवण दोघांनाही मोजके. बारा आठवड्यांनी पाहिले, तर खऱ्या गोळीवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले होते आणि पोकळ गोळीवाल्यांचे ४.१ किलो! हा फरक योगायोगानेही पडण्याइतका लहान होता. पण गोळीचा उपयोग दिसला नाही, हे उघड. वजन उतरले, ते मोजक्या जेवणाने.

पुढे २०११ साली अशा नऊ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला गेला. फायदा भरला किलोभराहून कमी. आणि काटेकोर प्रयोगच तेवढे धरले, तर तोही ठामपणे सांगता येईना.

"असेना का, अपाय तर नाही ना?" असे कोणी म्हणेल. पण अपाय आहे. या गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित यकृत बदलण्याची पाळी आली. आमसुलाचे सार भ्यायचे कारण नाही. ते अन्न आहे. गोळीत तेच आम्ल कितीतरी आटवून भरलेले असते. वनस्पती म्हणून सगळे निरुपद्रवी असते, तर धोतऱ्याला कोण भ्याले असते?

गुरुजनांनो, वर्गात मुलांना तीन प्रश्न शिकवा. प्रयोग माणसांवर झाला का? शेजारी पोकळ गोळीचा 'वाफा' होता का? सांगणाऱ्याचा माल त्यात आहे का? वाढीच्या वयातल्या मुलींना तर हे आवर्जून सांगा, कारण त्या वयात भूक मारणे म्हणजे वाढच खुंटवणे.

आणि कोणी अशी गोळी घेत असेल, नि डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसू लागली, तर ती तत्काळ बंद करावी आणि डबी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.