देवघराची भेग

आमच्या घरीं सागवानी देवघर आहे. त्याच्या पाठीच्या फळीस वरपासून खालपर्यंत एक भेग आहे. पाहुणेमंडळी ती पाहून सुतारास नांवें ठेवतात. एके काळीं आम्हींही ठेविलीं. तो दोष वस्तुतः कोणाचा, हें वाचकांपुढें मांडणें आम्हांस प्राप्त आहे.

सन 2009 मध्यें कोंकणांतील आमचें वडिलार्जित घर उतरविलें. त्याच्या माळ्याच्या सागवानी फळ्या भर श्रावणांत सोलापुरास आणिल्या आणि गणपतीपूर्वीं देवघर उभें राहावें असा हट्ट धरिला. सुतार म्हणाला, "मास्तर, लांकडाला इथली हवा लागूं द्या. दिवाळीनंतर रंधा धरूं." आम्हीं उत्तर केलें, "अहो, शंभर वर्षें वाळलेलें लांकूड आणखी काय वाळणार?" शिवाय बृहत्संहितेंत शय्यासनांसाठीं साग शुभ म्हटला आहे, हेंही त्यास ऐकविलें. तो बिचारा गप्प राहिला. पाठीची फळी चौकटीच्या खोबणींत मोकळी ठेवावी असें त्याचें म्हणणें होतें. फट दिसेल म्हणून आम्हीं ती सरस लावून व खिळे मारून घट्ट करविली. चैत्रांत एके रात्रीं काडकन् आवाज झाला. आम्हीं सुताराची उरलेली मजुरी अडकवून ठेविली.

पुढें वाचन केल्यावर उमगलें तें असें. ओल्या लांकडांत पाणी दोन ठिकाणीं असतें: पेशींच्या पोकळींत व पेशींच्या भित्तींत. पोकळींतील पाणी आधीं जातें. तोंवर लांकूड आकसत नाहीं. कोरड्या लांकडाच्या वजनाच्या शेकडा 28 ते 30 इतकें पाणी उरलें म्हणजे भित्ति सुकूं लागतात आणि आकसणें सुरू होतें. परंतु खरी मेख पुढेंच आहे. लांकूड कायमचें असें कधींच वाळत नाहीं. भोंवतालच्या हवेशीं मेळ बसेपर्यंत तें पाणी घेतें किंवा सोडतें, मग त्याचें वय शंभर वर्षें असो कीं एक. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा 85 ते 90 असल्यास लांकडांत शेकडा 18 ते 20 पाणी टिकतें; ती 30 वर उतरली कीं जेमतेम 6 उरतें. आमच्या फळ्या कोंकणचा पावसाळा पोटांत घेऊन आल्या होत्या, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यानें तो काढून घेतला. सागाची 12 इंच रुंदीची फळी एवढ्या फरकानें रुंदींत पाव इंचापर्यंत आकसूं शकते. लांबींतील फरक मात्र नगण्य. खिळ्यांनीं जखडलेली फळी आकसणार कोठें? ती फाटली.

घरीं लांकूडकाम काढणाऱ्यांनीं फळ्यांच्या थरांमध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून त्या सावलींत, वारा खेळेल अशा रचाव्या. टोकांतून पाणी फार वेगानें जातें व तेथेंच चिरा पडतात, म्हणून टोकांस मेण किंवा रंग लावावा. शेवटचे कांहीं आठवडे फळ्या, शक्य तर, वस्तु जेथें राहावयाची त्याच खोलींत ठेवाव्या. एक तुकडा दर आठवड्यास तोलावा. वजन स्थिर झालें म्हणजे मेळ बसला. पावसाळ्यांत काम करणें भागच असेल तर फळी खोबणींत पुरती बसवावी, पण सरस लावूं नये. उन्हाळ्यांत केल्यास फुगण्यास जागा ठेवावी.

आर्द्रतामापक आणल्यास त्याची परीक्षाही घरींच होते. वाटींत साधें मीठ घेऊन तें ओलें होईल इतकेंच पाणी घालावें व वाटी मापकासह बंद डब्यांत दहा-बारा तास ठेवावी. कांटा 75 वर यावयास हवा. आमच्या नातवंडांना हा प्रयोग फार आवडतो, आणि बाजारांतील स्वस्त मापक किती खोटें बोलतात तेंही त्यांस कळतें.

सुताराकडे आम्ही स्वतः गेलों, मजुरी हातीं ठेविली आणि चूक कबूल केली. त्यानें घरीं येऊन फळीचे खिळे काढले. भुसा व सरस कालवून भेग बुजवावी काय, असें विचारतां तो म्हणाला, "नको मास्तर. उन्हाळ्यांत भरली तर पावसांत लांकूड फुगून दुसरीकडे फाटेल." तेव्हांपासून ती तशीच आहे. वैशाखांत तींत रुपयाचें नाणें शिरतें. श्रावणांत पोस्टकार्डही जात नाहीं.